आत्याने सांगितलेली नावं आणि चार सॉफ्टवेअर

भाऊबीजेच्या दिवशी, ३ नोव्हेंबर २०२४ ला, आमचा जुना लॅपटॉप सुरू व्हायला अठरा मिनिटं लागली. भावाला वाईच्या वाड्याचे जुने फोटो बघायचे होते आणि ते सगळे त्या लॅपटॉपवरच्या पिकासात, म्हणजे गूगलच्या फोटो सांभाळायच्या जुन्या प्रोग्रामात होते. ओवाळून झालं, फराळ झाला, दुसरा चहा झाला, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच होतं. फोटो एकदाचे दिसले, पण मध्येच हिरव्या रेघा आल्या. भाऊ म्हणाला, "ताई, हा आता फार दिवस काढत नाही बरं का."

मी शाळेत भूगोल शिकवते. कॉम्प्युटरशी माझं नातं निकालपत्रकं आणि प्रश्नपत्रिका एवढंच. तरी पुढचे सहा महिने मी फोटो सांभाळायचे प्रोग्राम तपासत बसले, आणि त्यातलं जे कुठेच नीट मराठीत सापडलं नाही ते इथे लिहून ठेवतेय.

आधी हे सांगते की त्या पिकासात असं काय होतं. २०१४ च्या दिवाळीत माझी आत्या आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी वाड्यातली पत्र्याची ट्रंक उघडून अकराशे फोटो स्कॅन केले होते. पिकासा फोटोतला प्रत्येक चेहरा ओळखून त्याभोवती चौकट काढायचं आणि खाली नाव विचारायचं. मी विचारायचे, आत्या सांगायची.

"आत्या, हा कोण?"

"अगं, हा आपल्या बंडूचा साडू. ह्याच्या लग्नात जिलबी कमी पडली होती."

जिलबीसकट सगळं फोटोच्या वर्णनात लिहून घेतलं. आठ दिवसांत साडेतीनशेच्या आसपास माणसांना नावं मिळाली. त्यातली निम्मी माणसं ओळखणारं आमच्या घरात दुसरं कोणीच नव्हतं. आत्या २०१९ मध्ये गेली.

पिकासा बंद करत असल्याचं गूगलने फेब्रुवारी २०१६ मध्येच जाहीर केलं होतं आणि १५ मार्च २०१६ पासून त्याला नव्या सुधारणा मिळणं थांबलं. पण आधीच बसवलेला प्रोग्राम चालत राहतो. "चालतंय ना, मग कशाला हात लावा" या न्यायाने मी आठ वर्षं काढली.

नोव्हेंबर: आधी सामान बाहेर काढणं

पहिल्या आठवड्यात मी चुकीचा प्रश्न घेऊन फिरले. "फोटोसाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" असं स्टाफरूममध्ये विचारलं तर सहा जणांनी सात नावं सांगितली. मुलाने फोनवर एका वाक्यात विषय संपवला, "आई, सगळं गूगल फोटोजवर टाक आणि विसरून जा." गूगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ ला संपली, आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. आमचे फोटो २१२ जीबी. पैसे भरून जागा घेता येते, तो मुद्दा नव्हता. मला विसरायचंच नव्हतं, तीच तर अडचण होती.

मग प्रश्न बदलला: आत्याने सांगितलेली नावं नेमकी आहेत कुठे?

हे शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. पिकासात दिलेली नावं मुळात फोटोच्या फाइलमध्ये जात नाहीत. प्रत्येक फोल्डरमध्ये ते एक छोटी 'पिकासा डॉट आयएनआय' नावाची फाइल ठेवतं. तिच्यात चौकट कुठे आहे ते आणि माणसाचा एक सांकेतिक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचा माणूस कोण हे कॉम्प्युटरच्या पोटातल्या भलत्याच फोल्डरमधल्या 'कॉन्टॅक्ट्स' फाइलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे मी नुसते फोटो पेन ड्राइव्हवर उचलून आणले असते तर बंडूचा साडू एक सोळा अक्षरी क्रमांक होऊन आला असता.

ते वाचल्यावर रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगते.

सुटका एका पर्यायात होती. पिकासाच्या शेवटच्या आवृत्त्यांत, ३.९ मध्ये, नावं फोटोच्या आत लिहून ठेवायची सोय आहे: टूल्स, मग ऑप्शन्स, त्यात 'नेम टॅग्ज'. ती टिचकी मी २०१४ मध्ये मारलेली नव्हती. आता मारायची तर तोच म्हातारा लॅपटॉप रात्रभर चालायला हवा.

त्याला हात लावण्याआधी १० नोव्हेंबरला गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल काढून घेतली. त्याने ८०० रुपये घेतले, शिवाय दोन टीबीची नवी बाहेरची डिस्क ५,६०० रुपयांना पडली. दोन दिवस थांबावं लागलं. तुम्ही हे करणार असाल तर 'फक्त फोटोंचं फोल्डर द्या' असं म्हणू नका. लपलेल्या फायली, वापरकर्त्याचं पूर्ण फोल्डर, सगळं घ्या. पिकासात एखादा फोटो सुधारून 'सेव्ह' केला असेल तर मूळ प्रत 'पिकासा ओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते, तीही मग सुटत नाही.

१६ तारखेच्या शनिवारी रात्री टेबल फॅन लॅपटॉपच्या पाठीशी लावून ते काम सुरू केलं. पहाटे पाचला उठून बघितलं तर अर्धंच झालं होतं. रविवारी दुपारी संपलं. तपासलं तर बऱ्याच फोटोंत नावं उतरली होती, पण वाड्याच्या चार फोल्डरांत एकही नाही. कारण शोधायला परत एक संध्याकाळ गेली. ते फोटो मी कधीकाळी सीडीवर काढून ठेवले होते आणि तिथून परत कॉपी केले होते. सीडीवरून आलेल्या फायलींवर कधीकधी 'रीड-ओन्ली' असा शिक्का राहतो. म्हणजे वाचा, पण लिहू नका. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती खूण काढली, पुन्हा रात्रभर फॅन लावला. १८ नोव्हेंबरच्या सकाळी जिलबीवाला साडू नावासकट त्याच्या स्वतःच्या फोटोत जाऊन बसला.

मुलाने तपासायची युक्ती सांगितली होती, ती उपयोगी पडली: एकच फोटो दुसऱ्या कोऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचा आणि 'एक्झिफटूल' या फुकट प्रोग्रामने त्याच्या पोटात काय काय लिहिलंय ते बघायचं. दिसायला तो अगदी रूक्ष आहे, काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. पण फोटोच्या फाइलबद्दल तो खोटं बोलत नाही.

डिसेंबर: शंभर फोटोंची परीक्षा

आता नवं घर शोधायचं. घरात गिऱ्हाइकं दोन होती. मला हवी होती नावं, तारखा, गावं आणि शोध. नवऱ्याला हवी होती पक्ष्यांच्या फोटोंवर काम करायची जागा. तो हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला जातो आणि निकॉनच्या कॅमेऱ्याच्या रॉ फायली भरभरून आणतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेला कच्चा माल. जेपीजी हा त्यातून कॅमेऱ्याने शिजवलेला पदार्थ. कच्चा माल शिजवायला वेगळी चूल लागते.

मी शिक्षिका असल्याने परीक्षा घेतली. शंभर फोटोंचं एक फोल्डर केलं: तीस स्कॅन केलेले, वीस फोनमधले, वीस व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, पंचवीस रॉ आणि पाच व्हिडिओ. प्रत्येक प्रोग्रामला तेच फोल्डर, स्वतंत्र नक्कल करून. काम तेच: पाच माणसांना मराठीत नावं द्या, एका फोटोचा उजेड वाढवा, एक फोटो कापा, तीन फोटोंच्या तारखा बदला. मग ते फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच प्रोग्रामात उघडायचं आणि काय शिल्लक राहिलं ते वहीत लिहायचं. ही दुसरी पायरी कुठल्याच तुलनेत मला वाचायला मिळाली नव्हती. तिथे वेग, रंग आणि किंमत यांचे तक्ते होते. सामानासकट बाहेर पडता येतं का, हे कोणी विचारत नव्हतं.

एक्सएनव्ह्यू एमपी घरगुती वापराला फुकट आहे आणि फोटो चाळायला वाऱ्यासारखं पळतं. पण चेहऱ्यांच्या नावांची सोय मला हवी तशी नव्हती, म्हणून एका दिवसात बाजूला ठेवलं. नुसते फोटो बघायचे आणि फायलींची नावं एकगठ्ठा बदलायची तर आजही मी तेच उघडते.

अडोबी कंपनीच्या, वर्गणी भरून वापरायच्या लाइटरूम क्लासिकला मात्र पूर्ण आठवडा दिला, कारण सात दिवसांची चाचणी मिळते. चाचणीलाही कार्ड द्यावं लागलं. इथे एक कागदी भाग आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या हप्त्यासाठी सुरुवातीला ओटीपी देऊन ई-मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, नोंदवावं लागतं, आणि पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून संदेश येतो. तो संदेश वाचा. वर्गणी घेतानाही नीट वाचा: 'वर्षाचा करार, दरमहा हप्ता' आणि 'खरोखर महिन्याचा करार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात १४ दिवसांनंतर मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेचा काही भाग भरावा लागतो. मी पाचव्या दिवसाला कॅलेंडरमध्ये लाल खूण केली होती आणि त्याच दिवशी चाचणी रद्द केली. किंमत इथे देत नाही, दर बदलत राहतात. जीएसटी धरून येणारा भारतातला वर्षाचा आकडा बघा आणि त्याला दहाने गुणा, कारण फोटो दहा वर्षं तरी ठेवणारच आहात.

आणि तरीही सांगते, लाइटरूम फार गोड प्रोग्राम आहे. नवऱ्याने एक अंधारातला, खरखरीत आलेला घुबडाचा फोटो घातला, एक कळ दाबली आणि खरखर गेली, पिसं राहिली. पक्षी वेगळा निवडायचा तर तो स्वतःच निवडून देतो. दोघंही गप्प झालो. पिकासाने फोटोत लिहिलेल्या चौकटी त्याला वाचता आल्या, नावंही मराठीतच आली.

गडबड मी केली. तिसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये जाऊन दोन फोल्डर इकडचे तिकडे केले. परत आले तर लाइटरूममध्ये त्या फोल्डरांपुढे प्रश्नचिन्हं. त्याचं सगळं काम एका कॅटलॉगमध्ये, म्हणजे एका मोठ्या खातेवहीत, नोंदलेलं असतं. माल हलवायचा तर वहीला सांगून हलवायचा. फोल्डरवर उजवी टिचकी मारून नवी जागा दाखवली की काम होतं, पण त्या अर्ध्या तासात माझे हात गार पडले होते. तेव्हा लक्षात आलं की नावं आणि सुधारणा फोटोंजवळ लिहून ठेवायचा पर्याय इथेही आपणच चालू करावा लागतो, तो आपोआप चालू नसतो. वर्गणी थांबली तर काय, तेही बघून ठेवलं: फोटो दिसतात, शोधता येतात, बाहेर काढता येतात, फक्त सुधारणा करायचं 'डेव्हलप' दालन आणि नकाशा बंद होतो. हे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं.

आम्ही "घेऊ की नको" करत बसलो तोवर १५ जानेवारी २०२५ पासून लाइटरूमचा २० जीबीचा स्वस्त प्लॅन नव्या ग्राहकांसाठी बंद झाला. निम्मा निर्णय तिथेच झाला, असं नवरा म्हणतो. मी म्हणते तो प्रश्नचिन्हांच्या दिवशीच झाला होता.

डार्कटेबल आणि मातकट खंड्या

डार्कटेबल फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, २००९ पासून चालू आहे. आधी ते लिनक्सवाल्यांचं होतं, विंडोजवर २०१७ च्या अखेरीस आलं. २१ डिसेंबर २०२४ ला त्याची ५.० ही आवृत्ती निघाली आणि आम्ही नाताळच्या सुट्टीत ती बसवली. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने खंड्याचा फोटो उघडला.

"हे काय? माझा खंड्या मातकट दिसतोय."

खरंच दिसत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळाशार, इथे धुळीत लोळून आल्यासारखा. दोन दिवस त्याला वाटत होतं की प्रोग्रामच बिघडलाय. मग कळलं की कॅमेरा जेपीजी बनवताना रंग गडद करतो, धार लावतो, आणि आपल्याला त्याचीच सवय झालेली असते. डार्कटेबल कच्चा माल जवळजवळ कच्चाच पुढे ठेवतं आणि म्हणतं, आता तुम्ही बघा. त्याच्यात मोड्यूलं, म्हणजे फोटो सुधारायची अवजारं, इतकी आहेत की पहिल्या दिवशी उजव्या बाजूचा पट्टा सरकवता सरकवता बोट दुखतं. आमच्या नात्यातल्या एका मुलाने, जो लग्नांचे फोटो काढतो, एक गोष्ट सांगितली ती सोन्यासारखी होती: पहिला महिना फक्त चार मोड्यूलं उघडायची. एक्सपोजर, सिग्मॉइड, कलर बॅलन्स आरजीबी आणि 'प्रोफाइल्ड' डिनॉइज. बाकीची आहेत हेच विसरायचं. तीन आठवड्यांनी खंड्या निळा झाला. लाइटरूममध्ये हेच अर्ध्या मिनिटात झालं असतं, हे नवराही कबूल करतो. तो मुलगा स्वतः लाइटरूमच वापरतो. एका मुहूर्ताच्या रविवारी दोन हजार फोटो घरी आणणाऱ्याने तेच वापरावं, त्याची वर्गणी त्याच्या धंद्यातून सुटते.

पण शंभर फोटोंच्या परीक्षेत डार्कटेबलने दुसरी पायरी सहज ओलांडली. प्रत्येक रॉ फाइलशेजारी ते एक एक्सएमपी नावाची छोटी चिठ्ठी ठेवतं आणि केलेलं सगळं तिच्यात लिहितं. फोल्डर उचलला की चिठ्ठ्या बरोबर येतात. उजेड-रंगाच्या सुधारणा दुसऱ्या प्रोग्रामात तशाच दिसतील अशी आशा मात्र धरू नका. प्रत्येकाची चूल वेगळी. नावं, तारे, शीर्षकं मात्र पोचतात. त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. म्हणजे माझं काम त्याच्याने होणार नव्हतं.

इथपर्यंत मी एकच प्रोग्राम शोधत होते. जानेवारीच्या शेवटी एका रात्री वहीची पानं चाळताना दिसलं की माझ्या आणि नवऱ्याच्या रकान्यांत एकही बरोबरची खूण एका ओळीत येत नव्हती. लोणच्याची बरणी आणि परात एकच असावी असा हट्ट मी तीन महिने धरला होता.

डिजिकॅम, आणि नावांचा घोळ

डिजिकॅमही फुकट. ते केडीई या मुक्त सॉफ्टवेअर मंडळींचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ८.५ आवृत्ती मी १ फेब्रुवारीला बसवली. दिसायला जरा सरकारी कचेरीसारखं: चारी बाजूंना खिडक्या, प्रत्येक खिडकीवर पाटी. पहिल्यांदा उघडलं की ते फोटो कुठे आहेत विचारतं, मग डेटाबेस कुठे ठेवू विचारतं. डेटाबेस लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवा, बाहेरच्या नाही. मी आधी उलटं केलं आणि सगळं मुंगीच्या पावलांनी चाललं. चेहरे ओळखण्यासाठी काहीशे एमबीच्या फायली एकदा उतरवाव्या लागतात. नेट बरं असेल त्या दिवशी करा.

मग मी ट्रंकेचं फोल्डर दाखवलं. श्वास रोखून बसले होते. डावीकडच्या 'पीपल' खिडकीत एकेक नाव उगवायला लागलं, आत्याने सांगितलेल्याच क्रमाने नाही, पण सगळी. चौकटी जिथल्या तिथे. हे जमलं कारण चेहऱ्याची चौकट आणि नाव फोटोत कसं लिहावं याचा एक ठराव अडोबी, अ‍ॅपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया, सोनी अशा कंपन्यांच्या 'मेटाडेटा वर्किंग ग्रुप'ने (मेटाडेटा म्हणजे फोटोबद्दलची माहिती) २०१० मध्येच करून ठेवला होता. पिकासा त्या पद्धतीने लिहीत होतं, डिजिकॅम त्याच पद्धतीने वाचतं. अशा कंटाळवाण्या ठरावांबद्दल माझ्या मनात आता फार आदर आहे.

सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. मेटाडेटाच्या पानावर 'फेस टॅग्ज' फायलींत लिहायची खूण चालू करा. आणि रॉ फायलींसाठी 'साइडकार' म्हणजे शेजारची चिठ्ठी निवडा, मूळ फाइलला हात लावू देऊ नका. त्या चिठ्ठीचं नाव डिजिकॅम आणि डार्कटेबल सारखंच ठेवतात, त्यामुळे मी लावलेला 'भिगवण' हा टॅग नवऱ्याला त्याच्याकडे दिसतो. दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवत नाही, एवढं पथ्य पाळतो. मेंटेनन्समध्ये डेटाबेस आणि फायली जुळवायची सोय आहे, तिथे दिशा विचारतात: वहीतून फोटोत की फोटोतून वहीत. मी चाचणीच्या फोल्डरवर उलटी दिशा निवडली आणि दोन तासांचं काम पुसलं. चाचणीचंच होतं म्हणून बरं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचा वेगळा तमाशा होता. पाठवताना त्यांच्या पोटातली तारीख गळून जाते, त्यामुळे २०१७ ची मुंज आणि २०२३ चं बारसं एकाच दिवशी झाल्यासारखं दिसतं. पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावात तारीख असते, 'आयएमजी' नंतरचे आठ आकडे. डिजिकॅमच्या 'टाइम अ‍ॅडजस्ट'मध्ये तारीख फाइलच्या नावावरून घे असं सांगता येतं. एका रविवारी चार हजार फोटो रांगेत लागले. अर्थात ती पाठवल्याची तारीख, काढल्याची नव्हे. आमच्या मावशी गणपतीचे फोटो दिवाळीला पाठवतात.

मुलाच्या फोनचे आणि माझ्या फोनचे गूगल फोटोजवरचे फोटो 'टेकआउट' या गूगलच्याच सोयीने मागवले. अर्ज केल्यावर दुसऱ्या दिवशी दुवे आले. ते काही दिवसांतच कालबाह्य होतात, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी मागवा. झिपचा आकार ५० जीबी निवडू नका. मी निवडला, मध्ये वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेळी दोन-दोन जीबीचे तुकडे घेतले. प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल येते; तिथे बसून बदललेल्या तारखा आणि लिहिलेली वर्णनं तिच्यात असतात, फोटोत नाही. पुन्हा तेच दुखणं.

आणि मग नावं. याबद्दल मला कोणीच सावध केलं नव्हतं.

आमच्याकडे आबा तीन आहेत. वडिलांचे वडील, आईचे काका आणि शेजारचे. २०१४ मध्ये मी तिघांनाही 'आबा' लिहिलं होतं, तेव्हा कोण कुठले हे विचारायला आत्या शेजारी होती. दुसरं, बायकांची नावं. आत्याचंच बघा: माहेरी एक, लग्नानंतर सासरी दुसरं, आणि सगळ्या भाचरांसाठी नुसती आत्या. १९६१ च्या फोटोत कोणतं नाव लिहायचं आणि १९७० च्या फोटोत कोणतं? शेवटी एकाच टॅगमध्ये आधी जन्माचं नाव, मग कंसात सासरचं, असं ठरवलं, कारण शोधणारा कुठल्याही बाजूने येऊ शकतो. 'पीपल'च्या खाली माहेर, सासर, शेजार, शाळा असे चार कप्पे केले. नात्याची संबोधनं टॅगमध्ये लिहायची नाहीत. मी जिला आत्या म्हणते ती माझ्या मुलाची आत्या नाही.

तिसरा घोळ कऱ्हाडचा. कऱ्हाडचे फोटो शोधले तर चाळीसच सापडायचे, मला माहीत होतं की दीडशे आहेत. टॅगच्या यादीत कऱ्हाड दोनदा होतं, दिसायला अगदी सारखं. एक फोनवर टाइप केलेलं, दुसरं लॅपटॉपवर. एकात मुळातलाच टिंबवाला ऱ होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. माणसाला एकच गाव, यंत्राला दोन. आता टॅगची यादी वहीत लिहिलेली आहे आणि नवा टॅग फक्त लॅपटॉपवरूनच करायचा असा घरात नियम आहे. तुमच्या गावात ऱ्ह किंवा ऱ्य असेल तर आजच तपासा.

मार्चभर रोज रात्री अर्धा तास मी डिजिकॅमने सुचवलेले चेहरे 'बरोबर' किंवा 'चूक' करत बसायचे. बाळं सगळी त्याला एकच वाटतात. टोपीवाले पुरुष एकच वाटतात, आणि सातारा जिल्ह्यातल्या १९६० च्या लग्नाच्या फोटोत टोपी नसलेला पुरुष सापडणं अवघड. एके रात्री माझा नववीतला, दोन वेण्यांचा फोटो आला आणि खाली सूचना होती: आत्या? मी 'चूक' दाबलं. मग पुन्हा तो फोटो उघडून बराच वेळ बघत बसले.

हिशोब आणि मे महिना

एकूण खर्च १२,४५० रुपये: नक्कल काढायचे ८००, दोन टीबीच्या दोन डिस्क मिळून ११,२००, जुनी डिस्क जोडायची केबल ४५०. प्रोग्रामांना शून्य. डिजिकॅमला ५०० रुपयांची देणगी देऊ असं ठरवून अजून दिलेली नाही. दुसरी डिस्क भावाकडे वाईला असते. दर सणाला तो ती आणतो आणि मी बदलून देते. वेळ मोजला नाही, पण वहीची ६१ पानं भरली. जुना लॅपटॉप एप्रिलमध्ये कायमचा बंद पडला. तोवर त्याच्यात आमचं काही राहिलं नव्हतं.

शाळेला सुट्टी लागल्यावर ११ मे ला नवा लॅपटॉप घेऊन वाईला गेले. आत्याच्या धाकट्या जाऊबाई, आम्ही त्यांना काकूच म्हणतो, आता ८४ वर्षांच्या आहेत. नाव न मिळालेल्या २१२ चेहऱ्यांना मी 'विचारायचं' असा टॅग लावून ठेवला होता. काकूंना लॅपटॉपचा पडदा दिसेना, म्हणून चेहरे मोठे करून टीव्हीला जोडले. पंचवीस नावं मिळाली. काकू दमल्या की मी थांबायचे, चहा व्हायचा, मग त्याच म्हणायच्या, "लाव गं पुढचा."

वाड्याच्या अंगणातल्या एका पंगतीच्या फोटोत वाढपी म्हणून उभा एक तरुण आहे, हातात तुपाची तपेली. काकू म्हणाल्या, "हे आमचे धाकटे दीर, लग्नाआधीचे." भाऊ आतून आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, "छे, हे तर तात्यांच्या दुकानातले दिवाणजी, माझ्या चांगले लक्षात आहेत." दोघंही आपापल्या जागी ठाम. काकू जरा रागावल्याच.

मी त्या चेहऱ्याला दोन्ही नावं लावली आणि वर्णनात लिहिलं, कोणी कोणतं सांगितलं आणि कुठल्या तारखेला. 'विचारायचं' हा टॅग तसाच ठेवलाय. गणपतीत दिरांची मुलगी सांगलीहून येणार आहे.